सहा फोन, एक राउटर आणि मामांची लग्नपत्रिका: घरच्या सायबर साफसफाईच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2025, गुरुवार, रात्री 11

आधी हे का सुरू केलं ते लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरानं मलाच आठवायचं नाही.

मंगळवारी मामांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे पत्रिका यायचेच दिवस, आणि आली पण ओळखीच्या नंबरवरून, पतपेढीत बरोबर नोकरी केलेल्या माणसाच्या. फक्त ती पीडीएफ नव्हती, फोटो नव्हता, एपीके फाइल होती, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी. मामांनी दाबलं, फोननं विचारलं अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का, मामांनी हो केलं, मग त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली, आणि पत्रिका काही उघडली नाही. मामांना वाटलं वाईला रेंजच नसते, उद्या बघू. रात्री दीड-दोनच्या सुमाराला तीन व्यवहारांत 1,38,000 गेले. ज्या मित्राच्या नंबरवरून पत्रिका आली त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही, त्याच्या फोनमध्ये तेच ॲप आधी शिरलेलं आणि तेच सगळ्यांना पत्रिका वाटत सुटलेलं.

पैसे गेलेले मामांना बुधवारी सकाळी कळलं. मला आज संध्याकाळी साडेसहाला. मधला दीड दिवस ते कुणाला काही बोलले नाहीत, मामीला पण नाही. का, तर "पस्तीस वर्षं लोकांच्या पासबुकात शिक्के मारले आणि शेवटी मीच फसलो, कुठल्या तोंडानं सांगू."

मी पुण्यातून फोनवर सांगून मामीच्या फोनवरून 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावून घेतला. दोनदा एंगेज, तिसऱ्यांदा लागला. खाते नंबर, व्यवहाराचे नंबर, वेळ, रक्कम, एवढं विचारतात, हे हाताशी ठेवून फोन केला की दहा मिनिटांत काम होतं. तक्रारीचा नंबर एसएमएसनं येतो, म्हणून तो आधीच मामीच्या नंबरवर मागवला कारण मामांचे एसएमएस अजून चोर वाचत असणार हे माझ्या डोक्यात आलं (अभिमानानं लिहितेय, कारण बाकी त्या वेळी मला काही सुचत नव्हतं). मामांच्या फोनमधलं सिम काढून जुन्या बटणाच्या मोबाईलमध्ये टाकायला लावलं आणि तो स्मार्टफोन बंद करून ठेवला. बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय आणि कार्ड दोन्ही बंद.

1930 ला पहिल्या तासात फोन करा असं सगळे म्हणतात त्याचं कारण साधं आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असे पळत असतात, आणि तक्रार आली की त्या साखळीत जिथं पैसे सापडतील तिथं बँका ते अडवून धरतात. दीड दिवसानंतर साखळीच्या टोकाला एटीएममधून रोख निघून गेलेली असते. त्यातून रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी घड्याळ तुमच्या विरोधात.

तर प्रकल्प असा: घरातले सहा फोन (आई, बाबा, मी, नवरा, चिरंजीव, आणि मामांचा नवा येईल तो), एक राउटर, आणि आमची जुनी पापं. ख्रिसमसपर्यंत संपवायचं. मी अकाउंट्समधली बाई आहे, कॉम्प्युटर इंजिनियर नाही, त्यामुळं ऑडिट करतात तसंच करणार, आधी काय काय आहे त्याची यादी, मग कुणाची सही कुठं चालते ते.

8 नोव्हेंबर, शनिवार

यादी. वाटलेलं तासाभराचं काम, गेले चार तास. नुसती माझी खाती 94 निघाली. कसं मोजलं, तर जीमेलमध्ये "वेलकम", "व्हेरिफाय", "ओटीपी" हे शब्द शोधले. 2011 ला एकदा कुंडी मागवलेली साइट, बंद पडलेलं मॅट्रिमोनी प्रोफाइल (लग्नाला इतकी वर्षं झाली, फोटो अजून तिथंच, वजन पण तेव्हाचंच), तीन नोकरीच्या साइट जिथं माझा रिझ्यूमे जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव सगळ्यासकट पडलेला.

मग हॅव आय बीन पॉन्ड या साइटवर ईमेल टाकून बघितलं. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंटनं 2013 पासून चालवलेली साइट आहे, कुठल्या कुठल्या चोरीला गेलेल्या डेटात तुमचा ईमेल आहे ते सांगते. माझा सात ठिकाणी. त्यातल्या एका ठिकाणी पासवर्डसकट. आणि तो पासवर्ड मी... असो, त्यावर वेगळी नोंद करायला लागणार आहे.

9 नोव्हेंबर, रविवार, सातारा

सकाळच्या शिवशाहीनं सातारा. आईनं पोहे करून ठेवलेले आणि बाबांनी फोन चार्ज करून, पुसून, टेबलावर मांडून ठेवलेला, डॉक्टरला नाडी दाखवायला बसल्यासारखे.

बाबांचा फोन. 2021 ला स्टँडजवळच्या मोबाईल शॉपीतून घेतलेला, गूगल खातं दुकानातल्या पोरानंच काढून दिलेलं. पासवर्ड बाबांना माहीतच नाही, कधी लागलाच नाही ना. खात्यात आत जाऊन बघितलं तर रिकव्हरीचा मोबाईल नंबर त्या पोराचा! म्हणजे चार वर्षं तो पोरगा कधीही "पासवर्ड विसरलो" दाबून बाबांचे फोटो, काँटॅक्ट, बॅकअप सगळं उघडू शकत होता. त्यानं काही केलं नाही, केलं असतं असंही म्हणणं नाही, दिवसाला वीस फोन सेट करणाऱ्यानं पटकन स्वतःचा नंबर टाकून मोकळं व्हायचं एवढंच. पण ते पोरगं आता दुकानात नाही आणि तो नंबर आज कुणाकडं आहे देव जाणे. सोडून दिलेले नंबर काही महिन्यांनी कंपन्या दुसऱ्याला देतात.

बदललं: रिकव्हरीला माझा नंबर, नवा पासवर्ड, दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन चालू. दहा बॅकअप कोड कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात, पावत्यांच्या फाइलमध्ये.

इथं माझं मत लिहून ठेवते कारण नवऱ्याशी वाद झाला. तो म्हणाला कागदावर पासवर्ड लिहायचा नसतो. ऑफिसात मॉनिटरला चिकटवायचा नसतो हे खरं, पण सातारच्या घरातलं कपाट फोडून वहीतला पासवर्ड न्यायला कंबोडियातून कोणी सायबर चोर येणार नाही. उलट बाबांच्या गॅलरीत काय निघालं? एटीएम कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो, आईचा पॅन, तीन वर्षांपूर्वीचं पासबुक, आणि एका पिवळ्या चिठ्ठीचा फोटो ज्यावर चार आकडे. सगळं मागं गूगल फोटोजवर चढलेलं, ज्या खात्याची किल्ली त्या दुकानातल्या पोराकडं. तेव्हा वही जिंदाबाद. गॅलरीतलं उडवलं, ट्रॅशमधून पण उडवलं, ते विसरायचं नाही, साठ दिवस तिथं राहतं.

आईचा फोन. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये एक विंडोज कॉम्प्युटर जोडलेला निघाला. आई म्हणाली मी कशाला कॉम्प्युटरला हात लावतेय. पाऊण तासानं आठवलं, गॅसच्या केवायसीची प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्यानं तिच्या फोनवरून कोड स्कॅन करून घेतलेला, आणि काम झाल्यावर लॉगआउट कोणी केलंच नाही. म्हणजे आई भिशीच्या ग्रुपवर कुणाबद्दल काय बोलली ते सगळं झेरॉक्सच्या दुकानात. आईला चोरीचं काही वाटलं नाही, या गोष्टीचं मात्र भयंकर वाटलं.

दोघांच्याही व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला. फाइल आपोआप डाउनलोड होणं बंद. ग्रुपात कुणीही ओढणं बंद, फक्त ओळखीचे. फोनच्या सेटिंगमध्ये "अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे" शोधून व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर तिघांचं बंद केलं. मामांच्या फोनमध्ये ही एकच खिडकी उघडी होती. यूपीआयची दिवसाची मर्यादा बाबांनी स्वतःच 5,000 ठेवा म्हणाले, "मला भाजी आणि पेपरवाला सोडून कोणाला द्यायचेत."

यूपीआयचं एवढंच घोटून घेतलं: पिन टाकला की पैसे जातात, पैसे यायला पिन कधी लागत नाही. पूर्वी "रिक्वेस्ट" पाठवून फसवायचे, ते माणसानं माणसाला पैसे मागायचं बटणच आता 1 ऑक्टोबरपासून यूपीआयमधून काढून टाकलंय, बरं झालं, एक कलम कमी.

परत येताना खंबाटकीत दीड तास.

15 नोव्हेंबर, शनिवार

आधार. हे काम मी टाळत होते कारण साइट चालेल की नाही याची खात्री नाही, पण चालली.

आधारचा खरा धोका ओटीपीचा नाही, अंगठ्याचा आहे. गावाकडं बँक मित्राच्या मशीनवर आधार नंबर आणि अंगठा दिला की खात्यातून रोख मिळते, त्याला ओटीपी लागत नाही. सोय चांगलीच आहे, एटीएम नसलेल्या गावात त्यावरच चालतं सगळं. पण खरेदीखतावरच्या ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे बनवून पैसे काढणाऱ्या टोळ्या पोलिसांनी इतर राज्यांत पकडलेल्या आहेत, आणि आपल्याकडं सातबारा-खरेदीखत-अंगठा हे त्रिकूट काय नवीन सांगायचंय. म्हणून चौघांचं बायोमेट्रिक लॉक केलं. ओटीपीनं होणारी कामं तरीही होतात.

शिवाय मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवलं, शेवटचे चारच आकडे दिसतात त्यात. शिर्डीच्या लॉजवाल्याला, कुरियरवाल्याला, सोसायटीच्या गेटवर हेच द्यायचं. झेरॉक्सच द्यायची झाली तर त्यावर आडवं "फक्त अमुक कामासाठी" आणि तारीख. मे 2022 मध्ये आधारवाल्यांच्याच बेंगळुरूच्या ऑफिसनं झेरॉक्स वाटू नका असं पत्रक काढलेलं आणि दोनच दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं, लोक गोंधळतील म्हणून. आता गोंधळ नाही, लोक बिनधास्त वाटतात.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर कुणाच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. माझ्या नावावर दोन, बरोबर. नवऱ्याच्या तीन, बरोबर. बाबांच्या नावावर चार! एक त्यांचा, एक आईचा, एक मी कॉलेजात असताना घेतलेल्या डोंगलचा (हे पाप माझं). चौथा आमच्यापैकी कुणाचाच नाही. "हा माझा नंबर नाही" ला टिक करून पाठवलं. कुठल्या दुकानात दिलेल्या कुठल्या झेरॉक्सवर तो निघाला असेल ते शोधायचा नाद सोडला.

18 नोव्हेंबर, मंगळवार

हे यादीत नव्हतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी सकाळी रडवेल्या होऊन आल्या, लाडकी बहीणच्या ई-केवायसीची आज शेवटची तारीख आणि झालेली नाही. (तारीख 31 डिसेंबरपर्यंत वाढली होती, मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं.) मुलानं गूगलवर शोधून एक साइट काढलेली, तिनं आधार नंबर, बँक खातं आणि "फी 49 रुपये" मागितली. खात्याचा नंबर टाकून झालेला, फी भरताना नेट गेलं म्हणून वाचल्या.

खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं आणि फी नसते. मावशींना वाचता येतं पण इंग्रजी नाही, मग पत्ता कसा ओळखायचा? शेवटी माझ्या मोबाईलवर बसून करून दिली, त्यांचं आधार, नवऱ्याचं आधार, दोघांचे ओटीपी, पंधरा मिनिटं. आणि करता करता लक्षात आलं की मीही त्या मोबाईल शॉपीतल्या पोराचंच काम करतेय. म्हणून मग सगळं झाल्यावर त्यांच्यासमोर माझ्या फोनमधून त्यांचं जे काही राहिलं होतं ते काढलं आणि त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या असू दे की ताई, तुमच्याकडंच आहे ना. हेच तर.

गाडीच्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटचं पण तेच चाललंय म्हणे, हुबेहूब साइट, पैसे भरा, प्लेट येत नाही. नवऱ्याची बुकिंग खरी साइट बघून केली.

22 नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा संतापाचा फोन. पेन्शनचा हयातीचा दाखला. नोव्हेंबरात द्यायचा असतो, गेल्या वर्षी घरी बसून फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून झालेला, यंदा तीनदा केलं, तीनदा नाकारला. बाबांच्या भाषेत, "सरकारच्या लेखी मी मेलोय."

कारण मी. बायोमेट्रिक लॉक केलं की अंगठा, डोळे आणि चेहरा तिन्ही लॉक होतात. हे मी वाचलेलं होतं आणि डोक्यातून गेलं. आधारच्या साइटवरून तात्पुरतं उघडलं, बाबांना म्हणलं लगेच करा, थोड्या वेळात आपोआप परत बंद होतं. झालं. हयात.

वहीत मोठ्या अक्षरात: रेशनचं केवायसी, हयातीचा दाखला, बँकेत अंगठा, यातलं काहीही करायच्या आधी मला फोन. आईनं खाली स्वतः लिहिलं, "तिला फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी." हे मला सुचलं नव्हतं. घाई नसणं हाच अर्धा उपाय आहे आणि तो आईला उपजत येतो.

23 नोव्हेंबर, रविवार

आता माझं पाप.

2009 पासून माझा एक पासवर्ड आहे. होता. कॉलेजातल्या मैत्रिणीचं टोपणनाव आणि 1990 साल. त्याला पुढं साइटनं मोठं अक्षर मागितलं तर पहिलं अक्षर मोठं, चिन्ह मागितलं तर शेवटी ॲट. 94 पैकी 61 खात्यांना हाच किंवा याचा भाऊ. यात जुना ईमेल पण होता, ज्यावर माझ्या डीमॅटचे, विम्याचे आणि इन्कम टॅक्सचे मेसेज येतात. पासवर्ड उघड्यावर पडलेला 2019 पासून, म्हणजे सहा वर्षं, आणि मी बाबांच्या पिवळ्या चिठ्ठीला हसत होते.

चोर बसून अंदाज करत नाहीत, फुटलेल्या याद्या घेऊन प्रोग्राम लावतात, तोच ईमेल तोच पासवर्ड शंभर साइटवर मारून बघतात. लागला तर लागला. माझा का नाही लागला माहीत नाही. कदाचित लागलाही असेल, दोन वर्षांपूर्वी एका खाण्याच्या ॲपवर माझ्या खात्यातून अनोळखी पत्त्यावर बिर्याणी गेलेली, मी नवऱ्याशी भांडलेले.

बिटवॉर्डन घेतलं, सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप, फुकट आवृत्ती पुरते. मास्टर पासवर्ड म्हणजे चार असंबद्ध मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस. पहिल्या आठवड्यात तोच विसरायचा धोका सगळ्यात मोठा, म्हणून तो पण कागदावर, कपाटात. मग क्रमानं: ईमेल, बँका, डीमॅट, टॅक्स, मग बाकीचे. 33 खाती सरळ डिलीट. काही साइट डिलीटचं बटणच देत नाहीत, कस्टमर केअरला मेल करा म्हणतात. त्यांना केले. उत्तर दोघांचं आलं. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, त्याचे नियम याच महिन्यात निघाले आणि तेही टप्प्याटप्प्यानं लागू होणार, तोवर कुंडीवाल्याकडं माझा पत्ता सुखानं नांदो.

कार्डांचं सोपं होतं. 2020 पासून बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर, ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं यांची वेगळी बटणं असतात. परदेशी बंद, टॅप बंद.

क्रेडिट रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. माझ्या नावावर माझंच कर्ज आहे. एवढ्या आनंदानं मी होम लोनकडं कधी बघितलं नव्हतं.

वेळ: नऊ तास. दुपारचं जेवण पार्सल.

30 नोव्हेंबर, रविवार

राउटर. ॲडमिनचा पासवर्ड "ॲडमिन". वायफायचं नाव आमचं आडनाव आणि फ्लॅट नंबर, पासवर्ड नवऱ्याचा मोबाईल नंबर, जो दारावरच्या दुधाच्या वहीवर लिहिलेला आहे. तिन्ही बदललं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं. बेबी मॉनिटर म्हणून घेतलेला जुना कॅमेरा अजून चालू होता, हॉलमध्ये, मुलगा नववीत आहे. काढून टाकला.

चिरंजीवांचा फोन सगळ्यात स्वच्छ निघाला, त्याला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन माझ्या आधीपासून माहीत, कारण आठवीत त्याचं गेमचं खातं मित्रानं पळवलेलं. आम्हाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंस, तर "तू फोनच काढून घेतला असतास." घेतलाच असता. मामा 64 वर्षांचे, हा 14 चा, उत्तर एकच, बोललो तर माझंच काहीतरी जाईल.

3 डिसेंबर, बुधवार

संचार साथीवरून देशभर गदारोळ. सरकारनं सगळ्या नव्या फोनमध्ये ॲप आधीच टाकून द्या असा आदेश काढला, लोक म्हणाले पाळत ठेवणार, आज सक्ती मागं घेतली. ऑफिसात मला विचारलं, तू वापरतेस ना? मी पोर्टल वापरते, ब्राउझरमध्ये, काम झालं की बंद. बाबांचा तो चौथा नंबर काल बंद झाला, हे मला त्या पोर्टलमुळंच मिळालं. आणि तरीही माझ्या फोनमध्ये कुणी न विचारता काही टाकलेलं मला चालणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण ते डबा खाताना पाच मिनिटांत सांगता येत नाही.

7 डिसेंबर, रविवार, सातारा

सगळे जमलो, मामा-मामी पण. जेवणाआधी अर्धा तास मी घेतला.

डिजिटल अरेस्टचं सांगितलं, म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर तुम्हाला अटक झाली म्हणतो आणि पैसे उकळतो ते. कायद्यात असला प्रकारच नाही, पंतप्रधानांनी गेल्या वर्षी ऑक्टोबरात मन की बातमध्ये सांगितलं, आणि आता 1 डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं या प्रकरणांचा तपास सीबीआयकडं दिला. तरी लोक फसतात, आणि शिकलेले फसतात, कारण समोरचा म्हणतो कुणाला सांगू नका. सगळी गंमत त्या वाक्यात आहे. मामा मान खाली घालून ऐकत होते. त्यांना तर कुणी सांगू नका म्हणालंही नव्हतं.

अनोळखी व्हिडिओ कॉल, रात्रीचे, पलीकडं बाई, मग रेकॉर्डिंग दाखवून पैसे. हे मी दोन वाक्यांत उरकलं आणि कोणी कुणाकडं बघितलं नाही. धाकटा दीर नंतर गच्चीवर येऊन म्हणाला वहिनी, समजा पैसे दिलेच असतील तर? म्हणलं पुढचे देऊ नकोस, चॅट उडवू नकोस, नंबर ब्लॉक कर, 1930 ला सांग. पुढं मी काही विचारलं नाही.

मग म्हैस. आवाजाची नक्कल करून "मी पोलीस ठाण्यात आहे, पैसे पाठव" असे फोन येतात, म्हणून घरातला एक प्रश्न ठरवला: आपल्या जुन्या म्हशीचं नाव काय? ते ना फेसबुकवर आहे ना आधारवर, आणि चिरंजीवांसकट सगळ्यांना माहीत आहे कारण आजी तिच्या गोष्टी सांगायची. नाव इथं लिहीत नाही.

आणि दुसरा नियम, हा मामांनी केला. मी म्हणलं दंड ठेवूया, फसला आणि तासात सांगितलं नाही तर. मामा म्हणाले, "दंड नको. हसायचं नाही, एवढं लिही." लिहिलं.

14 डिसेंबर, रविवार, वाई

मामांचा फोन पूर्ण फॅक्टरी रीसेट केला, फोटो आधी काढून. नुसतं ॲप काढून चाललं नसतं, आयकॉनच दिसत नव्हता त्याचा, लपून बसतं. कॉल फॉरवर्ड केलेले असतील म्हणून ##002# दाबून सगळे रद्द केले. नवीन फोन घ्यायचा बेत रद्द, हाच चालतोय. म्हणजे सहावा फोन जुनाच.

पैशांचं: 1,38,000 पैकी 9,400 एका खात्यात अडवलेले सापडले, ते परत मिळायला कोर्टाची ऑर्डर लागेल, लोकअदालतीत होईल म्हणतात. मामांनी ते 9,400 वहीत "येणे" म्हणून लिहिलेत. पतपेढीची सवय.

मामी म्हणाल्या तेव्हापासून हे रात्री दोनला उठून बॅलन्स बघतात. याला सेटिंग नाही. त्यांची बहुतेक रक्कम मामीच्या दुसऱ्या खात्यात हलवली, ज्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग नाही, फक्त पासबुक आणि सही. म्हणाले आता झोप येईल. बघू.

20 डिसेंबर, शनिवार

बहुतेक संपलं. राहिलेलं: नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप (हात लावू देत नाही), आईच्या फोनचं अपडेट (जागा नाही, 4,000 गुड मॉर्निंग), दोन साइटकडून डिलीटचं उत्तर.

दुपारी बाबांच्या बँकेच्या शाखेतून मला फोन, मॅनेजर स्वतः, मी नॉमिनी म्हणून माझा नंबर त्यांच्याकडं. लॉकरचं भाडं थकलंय म्हणून त्यांनी बाबांना स्वतःच्या मोबाईलवरून तीनदा फोन केला. पहिल्यांदा बाबा म्हणाले बँकेचा फोन 1600 नं सुरू होतो, तुमचा नऊनं होतोय, आणि ठेवला. दुसऱ्यांदा म्हणाले उद्या शाखेत येतो, आणि गेले नाहीत कारण गुडघा.

"आणि तिसऱ्यांदा," मॅनेजर म्हणाले, "ते मला म्हशीचं नाव विचारत होते. मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?"